एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर थेट कर्नलच्या पोटात: स्वतःचा लिनक्स कर्नल कम्पाइल करताना

काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आणि कीबोर्डवर लुकलुकणारा कॅप्स लॉकचा दिवा. मी स्वतः कम्पाइल केलेला, म्हणजे सोर्स कोडपासून बांधलेला, पहिला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) इथवर येऊन थांबला होता. शेवटच्या ओळींपैकी एक होती: ‘व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’, म्हणजे सिस्टिम ज्यावर आहे तो डिस्कचा भाग उघडता येत नाही. डिस्क ठणठणीत होती. कम्पाइल करताना एकही चूक दाखवली गेली नव्हती. एसएसडीचा ड्रायव्हरसुद्धा व्यवस्थित तयार झाला होता, पण तो मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल, म्हणून त्याच एसएसडीवरच्या एका फोल्डरमध्ये पडून होता. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर वाचायला डिस्क हवी. लॅचचं दार ओढलं गेलं आणि किल्ली आत टेबलावर राहिली, की जे होतं तेच.

त्या रात्री ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतल्या जुन्या कर्नलने मला वाचवलं. तेव्हापासून कर्नल बांधायला बसलो की मी आधी कागदावर एक साखळी लिहितो: यंत्र सुरू झाल्यापासून रूट पार्टिशन (सिस्टिम ज्यावर आहे तो डिस्कचा भाग) उघडेपर्यंत कर्नलला कोणकोणते कोड लागतील? या साखळीतली एकही कडी डिस्कवर राहता कामा नये. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती आहे. उदाहरण म्हणून मी आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये असतं तेच घेतलं आहे: इंटेल किंवा एएमडीचा ६४-बिट लॅपटॉप, आत एनव्हीएमई एसएसडी (फ्लॅश मेमरीची वेगवान डिस्क) आणि त्यावर डेबियन किंवा उबुंटू.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा. कमांड आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, फोनवरून मित्राला सांगावीत तशी. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. कमांड नेहमी लहान अक्षरांत असतात, तर कॉन्फिग फाइलमधली (कर्नलमध्ये काय घ्यायचं याची यादी) पर्यायांची नावं मोठ्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहिलेली असतात.

आधी आपलं यंत्र ओळखा

कम्पायलरला हात लावण्याआधी जुना, चालू असलेला कर्नल काय सांगतो ते ऐकून घ्या. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. लांबलचक यादीत ‘नॉन-व्होलाटाइल मेमरी कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. तिच्या शेजारी चौकोनी कंसात ०१०८ हा वर्गाचा आकडा असतो आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज: एनव्हीएमई’ असं लिहिलेलं असतं. हे दिसलं की आपला ड्रायव्हर कोणता ते ठरलं.

आता त्याच ओळीच्या अगदी सुरुवातीचा पत्ता बघा. तो ०००० ने सुरू होत असेल, किंवा थेट ०१:००.० असा दिसत असेल, तर रस्ता सरळ आहे. पत्ता १०००० ने सुरू होत असेल तर एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइसच्या मागे बसलेली आहे आणि साखळीत एक कडी वाढली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे कारखान्यातूनच चालू येतं. विंडोज नव्याने टाकताना ‘डिस्कच दिसत नाही, वेगळा ड्रायव्हर द्या’ अशी अडचण अनेकांना येते, तिच्यामागेही बहुतेकदा हीच गोष्ट असते. एनव्हीएमईचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असूनही डिस्क सापडत नाही तेव्हा मी सगळ्यात आधी व्हीएमडीवर संशय घेतो.

दुसरी कमांड ‘एलएसबीएलके -एफ’. यात डिस्कची नावं आणि त्यांच्या फाइल सिस्टिम दिसतात. नाव कसं वाचायचं ते इथेच समजून घ्या, कारण पुढे ते सारखं लागेल. ‘एनव्हीएमई०एन१पी२’ यात पहिला शून्य म्हणजे कंट्रोलर क्रमांक शून्य, ‘एन१’ म्हणजे त्या कंट्रोलरवरची पहिली नेमस्पेस (एका डिस्कसारखी दिसणारी जागा) आणि ‘पी२’ म्हणजे तिच्यातलं दुसरं पार्टिशन. रूट कोणत्या पार्टिशनवर आहे ते ‘फाइंडएमएनटी /’ सांगेल. ते नाव आणि फाइल सिस्टिम (बहुधा ईएक्सटी४) कागदावर उतरवून घ्या. त्याच पार्टिशनचा पार्टयूयूआयडीही (पार्टिशन टेबलमधला त्याचा ओळख क्रमांक) घ्या, तो ‘एलएसबीएलके -ओ नेम,पार्टयूयूआयडी’ यातून मिळतो. फोनवर फोटो काढला तरी चालेल, पण तो या लॅपटॉपच्या बाहेर असला पाहिजे.

तुमची फ्लॅश दुसऱ्या जातीची असेल तर साखळी बदलते. साटा एसएसडीला एएचसीआय आणि एससीएसआय डिस्कचे ड्रायव्हर लागतात आणि तिचं नाव ‘एसडीए’ असं येतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच सोल्डर केलेली ईएमएमसी चिप असते. तिचं नाव ‘एमएमसीबीएलके०’ असतं आणि तिला एमएमसी ब्लॉक ड्रायव्हरबरोबर एसडीएचसीआयचा पीसीआय किंवा एसीपीआय जोड लागतो. पद्धत तीच, कड्यांची नावं वेगळी.

रूट पार्टिशन एन्क्रिप्ट केलेलं असेल किंवा एलव्हीएमवर (पार्टिशन एकत्र जोडून व्हॉल्यूम बनवणारी व्यवस्था) असेल, तर इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या वेळी कर्नलबरोबर दिलं जाणारं फाइलींचं गाठोडं, तुम्हाला सोडता येणार नाही. पासवर्ड विचारणं आणि व्हॉल्यूम जोडणं ही कामं कर्नल एकटा करत नाही, त्यासाठी आधी एक छोटी तात्पुरती सिस्टिम उभी राहावी लागते. तरीही पुढची कृती उपयोगी आहे, फक्त शेवटची इनिटरॅमएफएसशिवायची चाचणी सोडून द्या.

वाय आणि एम

कर्नलमधल्या बहुतेक ड्रायव्हरना तीन अवस्था असतात. ‘वाय’ म्हणजे कर्नलच्या मुख्य फाइलमध्येच शिवलेला, ‘एम’ म्हणजे वेगळी मॉड्यूल फाइल आणि ‘एन’ म्हणजे नाहीच. डेबियनच्या तयार कर्नलमध्ये एनव्हीएमई ‘एम’ असतो. एकच कर्नल हजारो प्रकारच्या यंत्रांवर चालायला हवा, म्हणून प्रत्येक डिस्कचा ड्रायव्हर आत कोंबणं त्यांना परवडत नाही. त्याऐवजी ते बूटच्या वेळी इनिटरॅमएफएस नावाचं गाठोडं बरोबर देतात. ग्रब हे गाठोडं मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या (बायोसच्या) मदतीने वाचून मेमरीत ठेवतो, कर्नल त्यातून एनव्हीएमईचं मॉड्यूल उचलतो आणि मग खरी डिस्क उघडते.

आपल्याला एकाच यंत्रासाठी कर्नल बांधायचा आहे, त्यामुळे एनव्हीएमई ‘वाय’ करता येतो. मग गाठोड्यात काही बिघाड झाला तरी कर्नल डिस्कपर्यंत पोचतो. पण उत्साहात सगळंच ‘वाय’ करू नका. ग्राफिक्स आणि वायफायच्या ड्रायव्हरना त्यांची फर्मवेअर फाइल (त्या चिपमध्ये भरायचा कोड) डिस्कवरून वाचावी लागते. ते ‘वाय’ केले तर डिस्क उघडण्याआधीच जागे होतात, फाइल मागतात आणि हात हलवत बसतात. त्यांना ‘एम’च राहू द्या. एनव्हीएमईला अशी कोणतीही फाइल लागत नाही, म्हणून तो आत घेणं निर्धोक आहे.

सामान जमवा

महत्त्वाच्या कामाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. एखाद्या पेनड्राइव्हवर कोणतीही लाइव्ह लिनक्स (पेनड्राइव्हवरूनच चालणारी) तयार ठेवा. होम फोल्डरमध्ये जागा मोकळी करा: कॉन्फिग छाटणार असाल तर १० जीबी पुरते, न छाटता डेबियनची पूर्ण कॉन्फिग वापरणार असाल तर ३० जीबी धरून चाला.

मग एपीटीने (डेबियनचं पॅकेज टाकण्या-काढण्याचं साधन) ही पॅकेज टाका: बिल्ड-इसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, ड्वार्व्ज, आरसिंक, केमॉड, सीपीआयओ आणि डेबहेल्पर. यातलं एखादं राहिलं तर कम्पाइल मध्येच थांबतं आणि ज्या फाइलचं नाव घेऊन थांबतं त्यावरून पॅकेज ओळखता येतं. ‘ओपनएसएसएल’चं नाव आलं तर लिबएसएसएल-डेव्ह, ‘जेल्फ’ किंवा ‘लिबएल्फ’ आलं तर लिबएल्फ-डेव्ह.

कर्नलचा सोर्स कर्नल डॉट ऑर्ग या अधिकृत ठिकाणाहून घ्या. तिथे ‘लाँगटर्म’ असं लिहिलेली मालिका निवडा, कारण तिला दुरुस्त्या दीर्घकाळ मिळत राहतात. मी ६.१२ वापरतो. ही मालिका नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. एक्सझेड दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते, उलगडल्यावर ती दीड जीबीच्या घरात जाते.

फाइलबरोबर तिची सहीची फाइलही उतरवा आणि जीपीजीने (डिजिटल सही पडताळणारं साधन) तपासा. इथे बरेच जण अडतात. सही दाबलेल्या एक्सझेड फाइलवर नसून आतल्या टार फाइलवर असते, म्हणून आधी ‘अनएक्सझेड’ने टार मोकळी करायची आणि मग सही पडताळायची. स्थिर आवृत्त्यांवर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची सही असते, मुख्य आवृत्त्यांवर लिनस टॉरवाल्ड्स यांची. जो कोड यंत्रात सर्वाधिक अधिकाराने चालणार आहे त्याच्यासाठी ही दोन मिनिटं द्यायलाच हवीत.

सोर्स होम फोल्डरमध्येच उलगडा आणि कम्पाइल साध्या वापरकर्त्याच्या नावाने करा. रूटचे अधिकार फक्त शेवटी, पॅकेज टाकताना लागतात.

कॉन्फिग: खरं काम इथे आहे

सोर्सच्या फोल्डरमध्ये जा. बूट फोल्डरमध्ये तुमच्या चालू कर्नलची कॉन्फिग फाइल असते. तिच्या नावात ‘कॉन्फिग-’ आणि पुढे ‘यूनेम -आर’ या कमांडचं उत्तर असतं. ती इथे ‘.कॉन्फिग’ या नावाने कॉपी करा, नावातला सुरुवातीचा टिंब विसरू नका. मग:

मेक ओल्डडेफकॉन्फिग

जुन्या फाइलमध्ये नसलेल्या सगळ्या नव्या पर्यायांना यातून ठरलेली उत्तरं मिळतात. एवढ्यावर कम्पाइल केलं तर डेबियनचे हजारो ड्रायव्हर बनत बसतील. छाटणीसाठी:

मेक लोकलमॉडकॉन्फिग

ही कमांड आत्ता यंत्रात लोड असलेली मॉड्यूल बघते आणि बाकीची बंद करते. ‘आत्ता’ हा शब्द नीट लक्षात घ्या. ती चालवण्याआधी तुम्ही वापरता ते सगळं एकदा जोडून घ्या: पेनड्राइव्ह, ब्लूटूथ हेडफोन, यूएसबीने जोडलेला फोन, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर, एनटीएफएसची डिस्क, व्हीपीएन. मी एकदा पेनड्राइव्ह न लावता छाटणी केली. नवा कर्नल छान चालला आणि चार दिवसांनी झेरॉक्सच्या दुकानात द्यायला पेनड्राइव्ह लावला तेव्हा लॅपटॉपने तो ओळखलाच नाही. कमांड मध्येच काही प्रश्न विचारते. समजलं नाही तर एंटर दाबत राहा, ठरलेलं उत्तर बहुतेकदा योग्य असतं.

आता मुख्य पडदा उघडा:

मेक मेन्यूकॉन्फिग

बाणांनी फिरायचं, स्पेसने अवस्था बदलायची आणि तिरकी रेघ दाबून शोधायचं. त्रिकोणी कंसात तारा दिसला म्हणजे ‘वाय’, एम दिसला म्हणजे मॉड्यूल. आता कागदावरची साखळी क्रमाने तपासायची.

‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’मध्ये ‘एनव्हीएमई सपोर्ट’ उघडा. तिथे ‘एनव्हीएम एक्सप्रेस ब्लॉक डिव्हायसेस’ अशी ओळ आहे. स्पेस दाबून तिच्यावर तारा आणा. कॉन्फिग फाइलमध्ये या पर्यायाचं नाव बीएलके, डेव्ह, एनव्हीएमई असं आहे. एनव्हीएमई कोर नावाचा दुसरा भाग वेगळा निवडावा लागत नाही, तो आपोआप मागोमाग येतो. तिथेच एसएसडीचं तापमान दाखवणारा ‘हार्डवेअर मॉनिटरिंग’ पर्याय आहे. एनव्हीएमई ‘वाय’ केल्यावर हा पर्याय अचानक गायब झाला तर घाबरू नका. कर्नलमध्ये शिवलेला भाग बाहेरच्या मॉड्यूलवर विसंबू शकत नाही, म्हणून ‘हार्डवेअर मॉनिटरिंग सपोर्ट’ हा मुळातला भागही ‘वाय’ करावा लागतो. तो केला की पर्याय परत दिसतो. याच मेन्यूमधले फॅब्रिक्स, टीसीपी, टार्गेट हे पर्याय नेटवर्कवरून डिस्क वापरणाऱ्या सर्व्हरसाठी आहेत, लॅपटॉपला त्यांची गरज नाही.

पत्ता १०००० ने सुरू होत होता ना? मग ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’, त्यात ‘पीसीआय सपोर्ट’, त्यात ‘पीसीआय कंट्रोलर ड्रायव्हर्स’ असं आत जा आणि ‘इंटेल व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस ड्रायव्हर’वरही तारा आणा. एनव्हीएमई ‘वाय’ आणि व्हीएमडी ‘एम’ ही जोडी फसवी आहे. डिस्कचा ड्रायव्हर हजर असतो, पण मधलं दार बंद असतं.

पुढची कडी पार्टिशन टेबलची. ‘एनेबल द ब्लॉक लेयर’मध्ये ‘पार्टिशन टाइप्स’ आहे, तिथे ‘ईएफआय जीयूआयडी पार्टिशन सपोर्ट’ चालू असायला हवा. त्यानंतर ‘फाइल सिस्टिम्स’मध्ये ईएक्सटी४ वर तारा आणा. रूट बीटीआरएफएस किंवा एक्सएफएसवर असेल तर त्यावर. शेवटी ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’मधल्या ‘जेनेरिक ड्रायव्हर ऑप्शन्स’मध्ये डेव्हटीएमपीएफएसच्या (डेव्ह फोल्डरमध्ये उपकरणांची नावं भरणारी फाइल सिस्टिम) दोन्ही ओळी चालू करा, विशेषतः ती आपोआप माउंट करणारी दुसरी. इनिटरॅमएफएसशिवाय बूट करताना ही नसेल तर डेव्ह फोल्डर रिकामाच राहतो.

बूट फोल्डरच्या आत ईएफआयचं पार्टिशन माउंट होतं, ते व्हीफॅटचं असतं. व्हीफॅट ‘एम’ चालेल, कारण तोवर रूट उघडलेला असतो. पण तो पूर्ण बंद असेल तर सिस्टिमडी (कर्नलनंतर बाकीची सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) ते पार्टिशन माउंट करू शकत नाही आणि तुम्हाला इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो.

डिस्कशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी याच पडद्यावर उरकून घ्या. ‘जनरल सेटअप’मध्ये ‘लोकल व्हर्जन’ला ‘-एनव्हीएमई१’ असं शेपूट द्या, म्हणजे तुमचा कर्नल यादीत वेगळा ओळखू येईल. ‘कर्नल हॅकिंग’मध्ये ‘डीबग इन्फर्मेशन’ बंद करा. एवढ्याने कित्येक जीबी जागा आणि बराच वेळ वाचतो. तिसरी गोष्ट म्हणजे ‘क्रिप्टोग्राफिक एपीआय’च्या तळाशी असलेला ‘सर्टिफिकेट्स फॉर सिग्नेचर चेकिंग’ हा भाग. डेबियन आणि उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये तिथे त्यांच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता भरलेला असतो. ती फाइल आपल्याकडे नसते, म्हणून कम्पाइल ‘नो रूल टु मेक टार्गेट’ म्हणत थांबतं. पत्त्याची जागा रिकामी करा. उबुंटूत ‘रिव्होकेशन’च्या नावाने अशीच दुसरी जागा असते, तीही रिकामी करा.

जतन करून बाहेर या आणि लगेच कम्पाइल सुरू करू नका. ‘ग्रेप’ने ‘.कॉन्फिग’ फाइलमध्ये एनव्हीएमई, व्हीएमडी, ईएफआय पार्टिशन, ईएक्सटी४ आणि डेव्हटीएमपीएफएस हे शब्द शोधा. साखळीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी बरोबरचं चिन्ह आणि वाय दिसला पाहिजे. एक जरी एम दिसला तरी परत मेन्यूत जा. माझा पहिला कर्नल याच एका अक्षरामुळे पडला होता.

कम्पाइल

डेबियनवर मी थेट पॅकेज बनवतो, म्हणजे टाकणं आणि काढणं दोन्ही एपीटीच्या ताब्यात राहतं:

मेक -जे८ बिनडेब-पीकेजी

८ च्या जागी ‘एनप्रॉक’ ही कमांड देईल तो आकडा घाला. मेमरी ८ जीबी किंवा कमी असेल तर निम्मा घाला, नाहीतर यंत्र स्वॅपमध्ये (मेमरी कमी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) अडकून उलट जास्त वेळ घेतं. लॅपटॉप चार्जरला लावा, पलंगावर किंवा उशीवर ठेवू नका, खालून हवा जाऊ द्या. छाटलेली कॉन्फिग बऱ्यापैकी नव्या यंत्रावर चहा होईपर्यंत उरकते, पूर्ण कॉन्फिगला तासभर किंवा त्याहून जास्त लागतो.

मध्येच थांबलं तर शेवटची ओळ वाचून उपयोग नाही, ती नुसतं ‘एरर २’ म्हणते. एकाच वेळी आठ कामं चालू असतात, त्यामुळे खरं कारण वर कुठेतरी गेलेलं असतं. हीच कमांड -जे१ देऊन परत चालवा. जेवढं झालंय तेवढं पुन्हा होत नाही आणि चूक शेवटच्या काही ओळींतच सापडते.

काम संपल्यावर वरच्या फोल्डरमध्ये डेब फाइली दिसतील. त्यातली ‘लिनक्स-इमेज’ने सुरू होणारी ‘सुडो डीपीकेजी -आय’ने टाका. इनिटरॅमएफएस बनवणं आणि ग्रबची यादी ताजी करणं तिच्याबरोबर आपोआप होतं.

पहिलं बूट

सिक्युअर बूट चालू असेल तर ग्रब तुमच्या कर्नलला दारातच अडवेल, कारण त्याच्यावर ओळखीची सही नाही. एकतर स्वतःची किल्ली बनवून, ती एमओकेमध्ये (यंत्राच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत) नोंदवून कर्नलवर सही करायची, नाहीतर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करायचं. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल तर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्या. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर विंडोजवरचा सगळा डेटा कुलूपबंद होतो.

ग्रबची यादी दिसायलाही हवी. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये टाइमआउट १० सेकंद करा, टाइमआउट स्टाइल ‘मेन्यू’ ठेवा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. जुना कर्नल अजिबात काढू नका.

पहिल्यांदा नव्या कर्नलने सरळ, इनिटरॅमएफएससकट बूट करा. ते जमलं की खरी परीक्षा घ्या. परत बूट करा, ग्रबमध्ये नव्या कर्नलच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट’ काढा आणि रूटचा यूयूआयडी काढून त्या जागी कागदावरचा पार्टयूयूआयडी द्या: रूट=पार्टयूयूआयडी=आणि पुढे तो क्रमांक. हा बदल का? फाइल सिस्टिमचा यूयूआयडी वाचणं हे इनिटरॅमएफएसमधल्या यूडेव्हचं, म्हणजे उपकरणं ओळखणाऱ्या प्रोग्रामचं, काम आहे. कर्नल एकटा असताना त्याला फक्त पार्टिशन टेबलमधला क्रमांक कळतो. त्याच ओळीच्या शेवटी ‘रूटवेट’ जोडा, मग ‘इनिटआरडी’ने सुरू होणारी ओळ पूर्ण पुसा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा.

लॉगिनचा पडदा आला की साखळी पूर्ण आहे.

नाही आला तर पडदाच कारण सांगतो. ‘अननोन-ब्लॉक’पुढच्या कंसातले आकडे नीट बघा. (०,०) असेल तर कर्नलला डिस्क सापडलीच नाही: एनव्हीएमई किंवा व्हीएमडी राहिला, नाहीतर पार्टयूयूआयडी चुकला. (२५९,२) असं काही असेल तर डिस्क सापडली आहे, कारण एनव्हीएमईच्या पार्टिशनना २५९ हा क्रमांक मिळतो. म्हणजे तिच्यावरची फाइल सिस्टिम कर्नलला वाचता येत नाही, ईएक्सटी४ बघा. ईएमएमसीला हाच क्रमांक १७९ असतो. आणि ‘रूटवेट’ दिल्यावर डिस्क सापडलीच नाही तर पॅनिक (कर्नलने हात टेकून थांबणं) येत नाही, ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ या ओळीवर यंत्र थांबून राहतं. पॉवरचं बटन दाबून धरा, जुन्या कर्नलने परत या आणि ग्रेपची पायरी पुन्हा करा.

चाचणी जमली तरी रोजच्या वापरात इनिटरॅमएफएस राहू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोसेसरच्या मायक्रोकोडच्या (त्याच्या आत चालणाऱ्या सूचनांच्या) दुरुस्त्या डेबियनमध्ये त्याच गाठोड्यातून अगदी सुरुवातीला लागू होतात. काही सेकंद वाचवण्यासाठी त्या सोडणं चुकीचं आहे.

डिस्क खरंच नीट चालते आहे का

‘सुडो डीमेसेज’ चालवून त्यात एनव्हीएमई शोधा. एक ओळ दिसेल: ‘८/०/० डीफॉल्ट/रीड/पोल क्यूज’. प्रोसेसरचे आठ थ्रेड आहेत आणि प्रत्येकाला डिस्कशी बोलायला स्वतंत्र रांग मिळाली, असा त्याचा अर्थ. साटा डिस्कच्या जुन्या एएचसीआयमध्ये एकच रांग आणि तिच्यात ३२ कामं, म्हणजे सगळ्या प्रवाशांना एकच तिकीट खिडकी. फिरत्या तबकडीच्या डिस्कला ते पुरत होतं. फ्लॅशमध्ये अनेक चिप एकाच वेळी वाचता येतात, म्हणून २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमईच्या पहिल्या प्रमाणकातच हजारो रांगांची सोय ठेवली गेली. लिनक्सने हा ड्रायव्हर २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत घेतला.

‘एलएसमॉड’मध्ये आता एनव्हीएमई दिसणार नाही. ते बरोबरच आहे, कारण तो मॉड्यूल राहिलेला नाही. खात्री हवी तर लिब फोल्डरमधल्या मॉड्यूल्समध्ये तुमच्या कर्नलच्या नावाचा फोल्डर उघडा. तिथे ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ या फाइलमध्ये त्याचं नाव सापडेल.

याच बदलामुळे एक जुना उपाय मात्र वेगळ्या जागी लिहावा लागतो. काही एसएसडी वीज वाचवण्यासाठी गाढ झोपतात आणि जाग्याच होत नाहीत. यंत्र गोठतं आणि डीमेसेजमध्ये ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’ असं येतं. उपाय म्हणून एनव्हीएमई कोरचा ‘डीफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी यूएस’ हा पॅरामीटर शून्य करतात. पूर्वी तुम्ही तो ‘मॉडप्रोब.डी’च्या फाइलमध्ये लिहिला असेल तर आता त्याचा काही परिणाम होणार नाही, कारण मॉडप्रोब या ड्रायव्हरला हातच लावत नाही. तो ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत द्यायचा: आधी ‘एनव्हीएमई_कोर’, मग टिंब, मग अंडरस्कोर घालून पॅरामीटरचं नाव, बरोबर शून्य. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण यंत्र गोठणार नाही.

शेवटी ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस एफएसट्रिम.टाइमर’ बघा. तो चालू असेल तर आठवड्यातून एकदा एसएसडीला मोकळ्या झालेल्या जागांची यादी मिळते.

तुमची ‘.कॉन्फिग’ फाइल आता या यंत्राचा नकाशा आहे, तिची एक प्रत सोर्सच्या बाहेर ठेवा. ६.१२ मालिकेची पुढची दुरुस्ती आली की नवा सोर्स उलगडा, ही फाइल त्यात ठेवा, मेक ओल्डडेफकॉन्फिग, ग्रेप आणि बिनडेब-पीकेजी, एवढंच पुन्हा करायचं. नवा कर्नल दोन-चार दिवस नीट चालला की आधीचा ‘एपीटी रिमूव्ह’ने काढा. डेबियनचा मूळ कर्नल मात्र यादीत कायम राहू द्या.